विधान कशामुळे पालटतं

चि. सोनू,

तर्कशास्त्राचा अभ्यास तू मनावर घेतलास आणि सत्यता सारण्या आता झरझर मांडतेस, याचा मला मनापासून आनंद आहे. पण सारणी भरून झाली म्हणजे विधान कळलं असं धरून चालू नकोस. सारणीतली प्रत्येक ओळ एकेका परिस्थितीचा निकाल सांगते: इथे विधान सत्य, इथे असत्य. आपण विधानाला विचारतो तो प्रश्न मात्र बहुतेक वेळा दुसराच असतो. हे सत्य आहे ते कशाच्या जोरावर? यातली कोणती गोष्ट उलटी झाली असती तर निकाल फिरला असता, आणि कोणती उलटी होऊनही काही बिघडलं नसतं? त्याचं उत्तर कुठल्याच एका ओळीत सापडत नाही. दोन ओळी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक पाहावा लागतो. हा फरक मोजायची रीत तू आत्ताच, विषयाच्या सुरुवातीलाच, हातात बसवावीस असं मला वाटतं. ती मागाहून जोडायची पुरवणी नाही, विधानांच्या तर्काचाच तो भाग आहे.

एक नियम घेऊन बघू. समज, एखाद्या अभ्यासक्रमाला प्रवेश कुणाला, तर ‘ज्याचं बारावीला गणित होतं आणि जो प्रवेश परीक्षा उत्तीर्ण आहे, किंवा ज्याच्याकडे डिप्लोमा आहे’ त्याला. तीन घटक विधानं, म्हणून आठ ओळी. यात गणिताचं काम किती हे पाहायचं तर बाकी दोन गोष्टी जागच्या जागी ठेवायच्या, फक्त गणित ‘आहे’चं ‘नाही’ करायचं आणि निकाल बदलतो का ते बघायचं. बदलला तर १ लिहायचा, नाही बदलला तर ०. आठ ओळींच्या अशा चार जोड्या लागतात. डिप्लोमा असेल तर गणित असो-नसो, प्रवेश मिळतोच. डिप्लोमा नाही आणि परीक्षाही नापास, तर गणित असूनही मिळत नाही. निकाल फिरतो तो एकाच जोडीत: परीक्षा उत्तीर्ण आहे आणि डिप्लोमा नाही. म्हणजे ‘गणितामुळे निकाल कधी फिरतो?’ या प्रश्नाचं उत्तर हे स्वतःच एक विधान आहे, आणि त्या विधानात गणिताचं नावही उरलेलं नाही. आता डिप्लोम्याचं करून पाहा. उत्तर येईल ‘गणित आणि परीक्षा ही दोन्ही जमून आलेली नाहीत’, आणि ते चारपैकी तीन जोड्यांत खरं ठरतं. नियम वाचताना गणिताचं नाव आधी येतं, डिप्लोमा शेवटी. प्रत्यक्षात निकाल फिरवण्याची ताकद डिप्लोम्याकडे जास्त आहे. अशा रीतीने मूळ विधानातून निघणाऱ्या या नव्या विधानाला गणितात बूलीय विकलन म्हणतात.

ही रीत आपल्या नेहमीच्या जोडशब्दांना लावली की त्यांचा स्वभाव उघडा पडतो. ‘अ आणि ब’ यात अ-मुळे फरक पडतो तो ब सत्य असेल तेव्हाच. ‘अ किंवा ब’ यात ब असत्य असेल तेव्हाच. जिन्यातल्या दिव्याला वर एक आणि खाली एक अशी दोन बटणं असतात, तिथे दुसरं बटण कसंही असलं तरी पहिल्याने फरक पडतोच; विकलन सदैव १. पण तू सर्वांत जास्त वेळ दे तो ‘जर-तर’ला. ‘जर पाऊस पडला तर सामना रद्द’ हे विधान पाऊस न पडलेल्या दिवशी सत्य मानायचं, हे जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला खटकतं, आणि पुस्तकं बहुधा ‘व्याख्याच तशी आहे’ म्हणून पुढे जातात. फरक मोजून पाहा. ‘सामना रद्द’ या घटकाच्या बाजूने विकलन काढलं तर उत्तर येतं ‘पाऊस पडला’. म्हणजे पाऊस नसताना सामना झाला काय नि रद्द झाला काय, विधानाला त्याचं सोयरसुतक नाही. ते सत्य आहे, पण त्या दिवशी सामन्याविषयी ते काहीच बोलत नाही. पावसाच्या बाजूने काढलं तर येतं ‘सामना रद्द झाला नाही’. हे दोन्ही समोर ठेवलं की मनाला काय खटकत होतं ते नेमकं सांगता येतं. आपण ‘जर-तर’ ऐकताना एक गोष्ट दुसरीवर अवलंबून आहे असं ऐकतो, आणि सारणीतला १ त्या अवलंबून असण्याबद्दल मौन पाळतो. सत्य असणं आणि त्या ठिकाणी कामात असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सारणी पहिली सांगते, विकलन दुसरी.

तुझ्या वर्गातलं कुणीतरी म्हणेल, आणि ते म्हणणं टाकाऊ नाही, की विकलन हा न्यूटन-लाइब्निझचा विषय. तिथे बदल हवा तितका लहान करता येतो. इथे किमती दोनच, ० आणि १. मधे काही नाही. मग हा शब्द उसना आणून नुसता थाट का करायचा? याचं उत्तर असं की फरकांचं गणित सूक्ष्म बदलांवाचूनही उभं राहतं. ठरावीक पावलांनी होणाऱ्या बदलाचं, म्हणजे सांत फरकांचं, स्वतंत्र शास्त्र आहे, आणि १८६० साली त्यावर ग्रंथ लिहिला तो दुसऱ्या कुणी नव्हे, जॉर्ज बूलनेच. १८४७ आणि १८५४ च्या पुस्तकांतून तर्काला बीजगणिताचं रूप देणाऱ्या त्याच बूलने. या दोन विषयांची पक्की सांधेजोड मात्र त्याच्यानंतर बऱ्याच काळाने झाली. १९२७ मध्ये झेगाल्किनने तर्कविधानं बहुपदींच्या रूपात लिहून दाखवली, १९५४ मध्ये रीड आणि मुलर यांनी तीच दिशा संकेतनाच्या कामाला लावली, आणि १९५९ मध्ये एकर्सने बूलीय फलनांचं विकलन रीतसर मांडलं. ही सांधेजोड नुसती नावाची आहे की खरी, हे नियमांवरून तपास. कोणतंही विधान ‘अ असत्य असतानाची किंमत’ आणि ‘अ गुणिले अ-च्या बाजूचं विकलन’ यांच्या बेरजेने परत मिळतं. बेरीज इथे अशी की दोन्ही सारखी असतील तर ०, वेगळी असतील तर १. टेलरच्या विस्ताराची ही दोन पदांतली, पण तंतोतंत आवृत्ती आहे. गुणाकाराच्या नियमात मात्र एक पद जादा येतं: पहिल्याचा फरक गुणिले दुसऱ्याचा फरक. कलनात हे पद सूक्ष्माचं सूक्ष्म म्हणून सोडून देता येतं. इथे एक म्हणजे पुरता एक, सोडून देण्याजोगं काही नाही. त्यामुळे साम्य कुठवर आहे आणि कुठे संपतं हे बोट ठेवून दाखवता येतं, आणि उपमेच्या बाबतीत ते सहसा जमत नाही. विधानाचं सत्य कालातीत असतं, त्यात ‘बदल’ कसला, ही शंकाही याच वाटेने सुटते. इथला बदल घड्याळातला नाही. दोन ओळींची तुलना करायला काळ लागत नाही.

दुसरी हरकत अधिक जड आहे. जे काही विकलनातून कळतं ते सारणीत आधीपासूनच होतं, मग नवीन ते काय? खरंय, माहिती नवी नाही. आणि हेही मोकळेपणाने मान्य करायला हवं की मोठ्या विधानाचं विकलन सर्वत्र ० आहे का, हे ठरवणं सर्वसाधारणपणे तितकंच कठीण आहे जितकं एखादं विधान कधी सत्य होऊ शकतं का हे ठरवणं. विकलन ही जादूची कांडी नव्हे. पण सारणीत असलेलं सगळं डोळ्यांना दिसतंच असं नाही, आणि हे माझं नुसतं मत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या नासाऊ काउंटीच्या मंडळावर १९६० च्या दशकात सहा सदस्य होते आणि लोकसंख्येच्या मानाने त्यांना ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी मतं दिली होती. एकूण ११५, बहुमताला ५८. वरवर पाहता २१ मतांचा सदस्य बऱ्यापैकी वजनदार. आता त्याच्या बाजूने विकलन काढ. त्याच्यामुळे निकाल फिरायचा तर बाकीच्यांची बेरीज ३७ ते ५७ च्या दरम्यान यायला हवी. मोठ्या तिघांपैकी एकच बाजूने असला तर, दोन-दोनवाले धरूनही, ती ३५ च्या वर जात नाही. दोन मोठे असले तर ५९ च्या खाली येत नाही. बाकीच्यांच्या ३२ मांडण्यांपैकी एकातही त्याच्या मताने फरक पडत नाही. विकलन शून्य, आणि २ मतं असलेल्या दोघांचंही तसंच. ठराव मंजूर होणं म्हणजे प्रत्यक्षात मोठ्या तिघांपैकी कुठल्याही दोघांची संमती, आणि त्यातल्या प्रत्येकाचं मत तेव्हाच कामी येतं जेव्हा उरलेल्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही. जॉन बँझाफ या वकिलाने १९६५ मध्ये हे उघड केलं. लायोनेल पेनरोझने तशीच मोजणी १९४६ मध्ये करून ठेवली होती. हजारो नागरिकांचा प्रतिनिधी दर बैठकीला मत देत होता आणि त्या मताने काहीच घडू शकत नव्हतं. मतांचा तक्ता सगळ्यांसमोर होता, तरी ते दिसायला फरकाचा प्रश्न विचारावा लागला. यंत्रांच्या बाबतीतही हेच. एखाद्या मंडलातली तार ० वरच अडकून बसली आहे का हे बाहेरून ओळखायचं तर असं आदान द्यावं लागतं की त्या तारेवर १ यायला हवा आणि शिवाय तिच्या बाजूचं विकलनही १ असायला हवं. नाहीतर दोष असून तो बाहेर उमटत नाही. सेलर्स, शाव आणि बेअर्नसन यांनी १९६८ मध्ये दोषतपासणीची रीत याच पायावर बांधली.

आता ज्या हरकतीपुढे मी सर्वांत जास्त थांबतो ती सांगतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची हा हट्ट कधी कधी दिशाभूल करतो. दोन बाजूंनी आग आली आणि घर जळालं. कोणतीही एक आग पुरेशी होती. ‘पहिली आग नसती तर?’ तरी जळालंच असतं. ‘दुसरी नसती तर?’ तरीही. ‘किंवा’च्या त्या ओळीत, जिथे दोन्ही घटक सत्य आहेत, दोन्ही विकलनं ० येतात, आणि एकेकट्या फरकावर विसंबलं तर घर कशानेच जळालं नाही असं म्हणायची पाळी येते. आपल्याकडच्या न्यायपरंपरेत अन्वय आणि व्यतिरेक ही जोडी धरली जाते: हे असताना ते असणं, आणि हे नसताना ते नसणं. इथे अन्वय शाबूत आहे, व्यतिरेक मात्र दोन्ही आगींच्या बाबतीत लंगडा पडतो. उपाय फरकाची कल्पना टाकून देण्यात नाही, ती पूर्ण करण्यात आहे. प्रत्येक घटकासोबत ‘हा बदलला’ असं एक नवं विधान धर, आणि सगळे बदल एकत्र होऊ दे. मग त्याच ओळीत ‘किंवा’चा एकूण फरक निघतो ‘पहिला बदलला आणि दुसराही बदलला’. दोन्ही असत्य असलेल्या ओळीत तोच फरक ‘पहिला बदलला किंवा दुसरा बदलला’ असा निघतो. गुणाकाराच्या नियमातलं ते जादा पद आठव. त्याला टाकून का देता येत नाही ते इथे कळतं.

याला लागूनच एक सावधगिरी. कागदावर कोणतीही तीन अक्षरं स्वतंत्रपणे उलटी करता येतात, व्यवहारात नाही. मघाच्या प्रवेशाच्या नियमात आणखी एक अट घालू: बारावीला गणित असल्याशिवाय प्रवेश परीक्षेला बसताच येत नाही. आता ‘गणित नाही, परीक्षा उत्तीर्ण’ या ओळी अशक्य झाल्या. गणितामुळे निकाल फिरत होता ती एकुलती एक जोडी अशाच एका ओळीवर उभी होती, ती गेली. उरलेल्या जोड्यांत गणिताचा फरक ०. यावरून कुणी ‘या प्रवेशाला गणिताचा काही संबंध नाही’ असं ठोकून दिलं तर त्याने हिशेब बरोबर करून उत्तर चुकवलं, कारण डिप्लोमा नसलेल्या, पण परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलाचं गणितच काढून घेतलं तर परीक्षाही सोबत जाते आणि निकाल १ वरून ० वर येतो. म्हणून कोणत्याही नियमाला हात घालताना आधी अशक्य ओळींवर काट मार. ज्या जोडीतली एक ओळ कटली तिथे ० लिहू नकोस, जागा कोरी ठेव, आणि त्या कोऱ्या जागेसाठी गणित व परीक्षा एकदम बदलून पुन्हा मोज.

तुझा,
मामा