दया शिकवता येते का?



मागच्या रविवारी मिस्सानंतर एका मावशींनी मला थांबवले. "फादर, नात कॅनडात नर्सिंग शिकते. कॉलेज तिला तीन आठवडे आफ्रिकेत सेवेला पाठवतेय. कॅनडात काय आजारी माणसे कमी आहेत?" प्रश्न रास्त होता. मला लगेच उत्तर सुचले नाही.

अशा उपक्रमात आधी अभ्यास, मग प्रत्यक्ष सेवा आणि त्या सेवेवर चिंतन, असे तीन भाग असतात. चिंतन वगळले तर उरते ती सहल.

1851 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल इंग्लंडमधले सधन घर सोडून जर्मनीत कायझर्सवर्थ येथे तीन महिने राहिली. वय 31, घरच्यांचा विरोध. फ्लीडनर या प्रॉटेस्टंट पाळकांनी 1836 साली तिथे सेविकांची संस्था आणि रुग्णालय सुरू केले होते. पहाटे पाचला उठायचे, जेवणाला दहा मिनिटे. पुढे म्हातारपणी तिने स्वतःच लिहिले, की तिथली शुश्रूषा यथातथाच आणि स्वच्छता तर भयंकर होती. पण इतकी निर्मळ सेवावृत्ती आपण दुसरीकडे पाहिली नाही. म्हणजे तिथून तिने आणले ते कसब नव्हे. 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिची नर्सिंगची शाळा सुरू झाली.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल शिकलो: न्यायाची कृत्ये करत करत माणूस न्यायी होतो. दयेचेही तसेच. पण त्यासाठी परदेश कशाला? लूकच्या शुभवर्तमानातला (10:30-37) शोमरोनी आठवा. यरुशलेम-यरीहोच्या त्या वाटेवर तो स्वतःच परका होता. परक्या मुलखात भाषा कळत नाही, साधे पाणी मागायलाही दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. वॉर्डात खाटेवर पडलेल्या रुग्णाची रोज हीच गत असते. शिकाऊ नर्सला ती पुस्तकातून कळत नाही.

धोकाही आहे. मायदेशी जे करायची परवानगी नाही, ते परदेशातल्या गरिबांवर शिकून घेणे, आजाऱ्याच्या खाटेशेजारी फोटो काढणे, याला मी दया म्हणणार नाही. शिवाय पाहुण्यांना सांभाळण्यात तिथल्या नर्सेसचा वेळ जातो, तो वेगळाच.

मी मावशींना म्हटले, "जाऊ द्या तिला. परत आल्यावर मात्र विचारा, तिथल्या नर्सकडून काय शिकलीस?"

मावशी म्हणाल्या, "विचारीन. आणि नाताळात इथे आली की आजोबांचे बेडपॅन उचलते का, तेही बघीन."