पित्ताच्या गोळीचा इथं काय संबंध?

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याला मी आधी विचारतो, "कुठली गोळी चालू आहे का?" नवरा म्हणतो, "नाही." मग बायको हळूच म्हणते, "अहो, ती सकाळची पित्ताची घेता की." तो वैतागतो, "अगं, ते काय औषध आहे का?"

आहे. चांगलं ठसठशीत औषध आहे. पाकिटावर नावापुढे 'डीएसआर' किंवा 'एलएसआर' असेल, तर त्या कॅप्सूलमध्ये ॲसिड कमी करणाऱ्या औषधाच्या जोडीला बहुधा डोमपेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड असतं. ही दोन्ही औषधं डोपामाइनला अडवतात. डोपामाइन म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात त्यातलं एक रसायन. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दाबून ठेवणं हे त्याचं एक काम. डोपामाइन अडलं की प्रोलॅक्टिन चढतं. प्रोलॅक्टिन बाईला दूध येण्यासाठी लागतं, पुरुषात ते चढलं तर मेंदूकडून वृषणाला जाणारा हुकूमच मंदावतो.

हा हुकूम सलग सुटत नाही. भंडारदरा धरणाच्या पाण्याचं आवर्तन जसं ठरवून सुटतं आणि बंद होतं, तसा मेंदूचा हायपोथॅलॅमस साधारण दर दीड-दोन तासांनी थोडं संप्रेरक सोडतो. त्यावर पिट्युटरी ग्रंथी चालते, तिच्यावर वृषण चालतं. वरची पाळी चुकली की टेस्टोस्टेरॉन आणि शुक्राणू दोन्ही घटतात. "पण डोमपेरिडोन मेंदूत जातच नाही," असं कुठेतरी वाचून आलेल्या एका तरुणाने मला सुनावलं. मेंदूभोवतीचा पहारा त्याला अडवतो, मेंदूत ते फारसं शिरत नाही, खरं आहे. पण पिट्युटरी त्या पहाऱ्याच्या बाहेर बसलेली असते.

लगेच घाबरू नका. लग्नाचं जेवण अंगावर आलं म्हणून दोन दिवस कॅप्सूल घेतली तर काही बिघडत नाही. मी बोलतोय ते चिठ्ठीशिवाय, वर्षानुवर्षं, चहाच्या आधी कॅप्सूल टाकणाऱ्यांबद्दल. टोमॅटोच्या व्यापारातला एक तरुण असाच आला होता. रात्रीची जाग्रणं, अवेळी जेवण, आणि तीन वर्षं रोज एक कॅप्सूल. तोवर बायकोची सोनोग्राफी, रक्त, नळ्यांची तपासणी, सगळं दोनदा झालेलं. याचं वीर्य एकदाही तपासलेलं नाही. सोबत आलेल्या त्याच्या आई म्हणाल्या, "आमच्या मुलात काही दोष नाही, धडधाकट आहे." धडधाकट असणं आणि शुक्राणू चांगले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मावशी! त्याचं प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं निघालं, शुक्राणू कमी. कॅप्सूल थांबवली, रात्रीचं जेवण लवकर आणलं, पित्ताला साधी गोळी दिली. काही आठवड्यांत प्रोलॅक्टिन उतरलं. शुक्राणूंना मात्र वेळ लागला, कारण एक शुक्राणू घडायलाच सुमारे 74 दिवस लागतात आणि पुढे बाहेर पडेपर्यंत आणखी काही. म्हणून गोळी थांबवल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून उपयोग नसतो. पाळणा हलला का, ते विचारू नका. दोघांचे उपचार अजून चालू आहेत.

डोपामाइनसारख्या निरोप्या रसायनांचा संबंध मेंदूपुरता नाही. शुक्राणूच्या अंगावरही सेरोटोनिन, डोपामाइन, गाबा, अफूवर्गीय द्रव्यं, निकोटिन आणि गांजा यांना ओळखणारे ग्राहक सापडले आहेत. त्याचं पोहणं, बीजाच्या कवचात शिरण्याची तयारी, यांत या रसायनांचा हात असल्याचं प्रयोगशाळेत दिसतं. पण प्रयोगशाळेत दिसलं म्हणून त्याची पावडर होत नाही. मोबाइलवर 'सेरोटोनिन वाढवा, बाप व्हा' असले डबे विकणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही, त्यांना ते ठाऊक असतं.

आता 'टायमिंगच्या गोळ्या', म्हणजे वीर्यपतन लांबवायला घेतात त्या. पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांत आणि नव्याने लग्न झालेल्यांत यांचा फार बोलबाला. त्यातल्या काही सेरोटोनिनवर चालतात. पॅरोक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध त्यातलंच एक. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात 35 निरोगी पुरुषांना ते पाच आठवडे दिलं. शुक्राणूंची संख्या, हालचाल जवळपास तशीच राहिली, पण ज्यांचा डीएनए तुटलेला आहे अशा शुक्राणूंचं सरासरी प्रमाण दुपटीहून जास्त झालं. म्हणजे नेहमीचा रिपोर्ट 'नॉर्मल' आणि आतून पडझड. काही जण तर ट्रॅमाडॉल घेतात. ते अफूच्या वाटेने जाणारं वेदनाशामक आहे, 2018 पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलेलं आहे. अफूवर्गीय औषधं मेंदूकडून सुटणारं आवर्तनच बंद पाडतात आणि सोडताना अंग मोडून काढतात.

इथेच उलटी चूकही होते. हे वाचून कोणी आपली नैराश्याची किंवा मानसिक आजाराची गोळी आजच बंद करेल. करू नका! अचानक बंद केलेल्या गोळीने उलटलेला आजार मी पाहिला आहे, त्यापुढे शुक्राणूंचा प्रश्न किरकोळ वाटतो. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन चढतं, पण ते न वाढवणारे पर्याय आहेत, मानसोपचारतज्ज्ञ गोळी बदलून देतात. फक्त "आम्हाला मूल हवंय" हे त्यांना तोंड उघडून सांगायला हवं.

झाडपाल्याचंही ऐका. अकोले तालुक्याच्या डोंगरात मिळणारी खाजकुयली, म्हणजे कवचबीज. तिच्यावर लखनौला वंध्यत्व असलेल्या पुरुषांत अभ्यास झाले आहेत, मी तिला थोतांड म्हणणार नाही. पण तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, कंपवाताच्या रुग्णाला देतात तेच. ते शरीरात डोपामाइन बनतं. म्हणून रक्तदाबाची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असताना चमचा-चमचा पूड खाणं हा जुगार आहे. आणि भिंतीवर 'गुप्तरोग' रंगवणारे पुडीत नक्की काय देतात, ते देवच जाणे. अशा जाहिरातींवर 1954 पासून कायद्याने बंदी आहे. र. धों. कर्वे 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक आरोग्याबद्दल मराठीत कानीकपाळी ओरडत होते. भिंती अजून रंगतातच.

जिमवाल्यांसाठी एकच वाक्य: टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने शुक्राणू इतके खात्रीने घटतात की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांच्या गर्भनिरोधकासाठी त्याच्या चाचण्या घेतल्या होत्या.

तंबाखू-चुना, विडी यांच्याबद्दल आमच्या संगमनेरात बोलणं म्हणजे घरच्याच धंद्यावर बोलणं. तरी सांगतो, बंद करा. व्हेरिकोसील म्हणजे वृषणाच्या फुगलेल्या शिरा, गालगुंड, भट्टीची उष्णता ही कारणंही असतातच, ती तपासणीत कळतात.

मुलासाठी प्रयत्न करून वर्ष झालं, तरी दिवस राहत नसतील, तर दोघं एकाच दिवशी या. बायकोचं वय 35 च्या वर असेल, तर सहा महिन्यांतच या. वीर्य तपासायच्या आधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा. 'साठवलं की जोर वाढतो' म्हणून महिनाभर थांबणाऱ्यांचा रिपोर्ट उलट बिघडतो. एकाच रिपोर्टवर रडू नका, दुसरा काढा. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून आणा, पावडरचे डबेसुद्धा.

पुरुषाच्या छातीतून दूध यावं तसा स्राव, इच्छा एकाएकी मेलेली, दाढी विरळ होत जाणं, डोकेदुखीसोबत दोन्ही बाजूंचं दिसेनासं होणं, यांतलं काही असेल, तर प्रोलॅक्टिनची तपासणी लांबवू नका, पिट्युटरीत गाठ असू शकते. वृषणाला न दुखणारी कडक गाठ लागली तर त्याच आठवड्यात दाखवा. आणि वृषणात अचानक जीव कासावीस करणारी कळ आली, तर शेक, लेप, सकाळ, काहीही बघू नका. पीळ पडलेलं वृषण साधारण सहा तासांत सोडवलं तरच वाचण्याची चांगली आशा असते, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.