हवामानाचा पैसा कापला की वावरात काय बिघडतं?

प्रश्न : आमच्या दुसऱ्या जिल्ह्यातल्या पाहुण्यांना कृषी विज्ञान केंद्राकडून आठवड्यातून दोनदा हवामानाचा सल्ला यायचा. 2024 पासून तो बंद झाला. सरकारनं पैसा थांबवला, असं ते सांगतात. पण पावसाचा अंदाज तर मोबाइलवर येतोच. मग आम्हा पऱ्हाटीवाल्यांचं यात नेमकं काय जातं?
— एक कापूस उत्पादक, पाटणबोरी, ता. केळापूर

उत्तर : पाहुण्यांचं म्हणणं खरं आहे. ‘ग्रामीण कृषी मौसम सेवा’ या योजनेत 2018 पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा पातळीवरचे कृषी हवामान कक्ष उघडले जाऊ लागले. ठरले होते 530, उभे राहिले 199. दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज पाहून तिथला तज्ज्ञ पिकाचा सल्ला लिहायचा. जानेवारी 2024 मध्ये हवामान विभागाचं पत्र निघालं आणि त्या आर्थिक वर्षाबरोबर हे 199 कक्ष बंद करण्यात आले. मुख्यतः कृषी विद्यापीठांच्या आधारानं चालणारी जुनी 130 केंद्रं तेवढी राहिली.

अंदाज थांबला नाही, हे तुमचं बरोबर. उलट सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रानं ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांचे 2,000 कोटी रुपये मंजूर केले. रडार, उपग्रह, महासंगणक लागतातच. पण ‘विदर्भात तुरळक ठिकाणी मध्यम पाऊस’ एवढं वाचून उद्या डवरणी करायची की खत टाकायचं, हे कळत नाही. जमिनीत ओल किती, पऱ्हाटी पात्यावर आहे की बोंडावर, हे ठाऊक असलेला माणूस त्या ओळीचा अर्थ लावतो. नेमका तोच माणूस खर्चाच्या यादीतून खोडला गेला.

तुमच्या यवतमाळ जिल्ह्याला याचं मोल वेगळं सांगायला नको. 2017 च्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेनं इथं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जणांना दवाखान्यात न्यावं लागलं. कारणं बरीच होती : औषधांचं मिश्रण, संरक्षक कपडे नसणं, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, दमट उकाडा. हवामान विभागाच्या सल्ल्यानं ही सगळी विषबाधा टळली असती, असं मी म्हणणार नाही. पण वारा सुटला असताना पंप पाठीवर घेऊ नका, चार तासांत पाऊस आहे तर औषध वाया घालवू नका, हे वेळेवर सांगणं जीव आणि पैसा दोन्ही वाचवतं. पेरणीचंही तसंच. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, एवढं ऐकून जो थांबला त्याचं दुबार पेरणीचं बियाणं वाचलं.

पैसा मोजमापावरचा कापला, तर मात्र अंदाजालाच धक्का बसतो. अमेरिकेत 2025 मध्ये राष्ट्रीय हवामान सेवेतून पाचशेहून अधिक माणसं गेली. माणसं अपुरी पडल्यानं काही ठिकाणी हवेत सोडायचे फुगे कमी झाले, अलास्कातल्या कॉट्झब्यूला तर थांबलेच. हे फुगे वरच्या हवेचं तापमान, ओल आणि वारा मोजतात. जगभर ते साधारण एकाच वेळी, आपल्या पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास सोडतात, आणि त्यांची मापं सगळे देश एकमेकांना देतात. नागपूरहूनही असा फुगा जातो. कुठलीही एक जागा रिकामी राहिली, की गणितात तेवढा अंधार राहतो.

आपल्याकडे महसूल मंडळात बसवलेल्या स्वयंचलित केंद्रांकडेही असंच बघा. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला, तर मंडळात अतिवृष्टी धरतात. पर्जन्यमापकाच्या नळीत पाला अडकला आणि साफ करायला कुणी आलं नाही, तर वावर वाहून गेलं तरी कागदावर पाऊस कमीच दिसतो. देखभालीचा खर्च दिसायला किरकोळ असतो, म्हणूनच आधी कापला जातो.

माझं मत स्पष्ट आहे : प्रत्येक जिल्ह्याला हवामान सल्ल्याचा कक्ष हवा आणि त्यात कराराचा नव्हे, कायम नेमणुकीचा माणूस हवा. तोवर ‘मेघदूत’ ॲपवर मराठीतला सल्ला बघत जा. विजांसाठी ‘दामिनी’ ठेवा. पाटणबोरीत कोसळला आणि मंडळाच्या नोंदीत आलाच नाही, असा पाऊस दिसला तर तारीख-वेळ लिहून ठेवा. पर्जन्यमापक तपासून घ्या म्हणून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पांढरकवड्याला लेखी अर्ज करा. अर्जाची पोच मात्र घ्या.