विहिरीचे पाणी, शेततळे आणि गावातील वाद
(जालना जिल्ह्यातील अनुभवाच्या आधारे)

जालना जिल्ह्यातील कोणत्याही गावी उन्हाळ्याच्या तोंडी पारावर बसले की दोन वाद हमखास ऐकू येतात. पहिला पावसाचा. वडीलधारी मंडळी म्हणतात, “१९७२ साली आम्ही याहून वाईट पाहिले आहे. दुष्काळ काय आजचा आहे?” तरुण मंडळी म्हणतात, हवामानच बदलले, आता जुने आडाखे चालावयाचे नाहीत. दुसरा वाद बोअरचा. एकाने दोनशे फुटांखाली बोअर घेतले की शेजारच्याची विहीर बसते आणि मग भाऊबंदांत बोलणे बंद होते. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याला हे दोन्ही वाद टाळता येत नाहीत. त्यांत कोणाचे किती खरे आहे, हे आकड्यांनिशी सांगता आले तर गावकरी ऐकून घेतात, असा अनुभव आहे.

प्रथम पावसाचा वाद घेऊ. वडीलधाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मराठवाड्यात अवर्षण नवे नाही. जिल्ह्याचे सरासरी पाऊसमान साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरांच्या आसपास असून ते पूर्वीपासूनच लहरी आहे. परंतु तरुणांचेही खोटे नाही. हवेतील कर्बद्विप्राणिल वायूचे प्रमाण १९५८ साली दहा लाख भागांत सुमारे ३१५ होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. या वायूमुळे पृथ्वीची उष्णता वाढते आणि उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेवते. तिने ते सोडले म्हणजे एकदम सोडते. मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह २०१७ साली दाखवून दिले. जालन्याच्या शेतकऱ्याला यासाठी पुस्तक उघडावयाचे कारण नाही. २०१२ चे अवर्षण, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट, २०१५ व २०१८ चा दुष्काळ आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात झालेली अतिवृष्टी त्याने स्वतः सोसली आहे.

येथे शेतीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, वर्षाची बेरीज तीच राहिली तरी पाऊस थोड्या दिवसांत कोसळला तर तो विहिरीला मिळत नाही. काळी जमीन भिजली की तिच्या भेगा मिटतात, वरचे पाणी वाहू लागते आणि माती घेऊन दुधनेला किंवा पूर्णेला जाते. रिमझिम पावसाचे पाणी मुरते, झोडपणाऱ्या पावसाचे निघून जाते.

यावर शेतकरी एक रास्त प्रश्न विचारतो. “साहेब, धूर शहराचा आणि कारखान्याचा, मग बंदी आमच्याच बोअरवर का?” हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. हवेतील वायूच्या वाढीत कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा अगदी अल्प आहे, हे स्पष्टपणे मान्य करावे. परंतु हवामानाचा हिशेब आणि भूजलाचा हिशेब हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्यात गावाच्या हाती फारसे काही नाही. दुसरा मात्र बव्हंशी गावाच्याच हातचा आहे. १९७२ साली लोकांचे हाल झाले ते मुख्यतः धान्य व रोजगार नसल्यामुळे. त्या दुष्काळानंतर खडक फोडणारी यंत्रे आली, विजेचे पंप वाढले आणि आजच्या टंचाईत पावसाच्या तुटीबरोबर उपशाचाही भाग आला. जुनी माणसे विहिरीची खोली परसात सांगतात, बोअरची मात्र कोणी परसात सांगत नाही. तेवढ्यावरूनही काळाचा फरक कळावा.

जिल्ह्याचा खडक बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. वर माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग बहुधा घट्ट थर. पाणी मुरमात आणि भेगांत राहते. खाली समुद्र भरला आहे ही समजूत चुकीची आहे. या खडकाच्या शंभर भागांत मोकळे होऊ शकणारे पाणी साधारण दोन भागच धरावे लागते. एक हेक्टरवर ६५० मिलिमीटर पाऊस पडला तर ६५ लाख लिटर पाणी पडते. त्यातील सुमारे दहावा भाग खोल मुरतो असे धरले तर वर्षाला साडेसहा लाख लिटर मिळाले. विहिरीची पातळी त्यामुळे तीन-सव्वातीन मीटर वर येते. तेवढाच उपसा झाला तर ती पुन्हा तितकीच खाली जाते. अवर्षणाच्या वर्षी पाऊस निम्मा झाला म्हणजे मुरणारे पाणीही निम्मे झाले असे समजू नये. जमीन आणि पिके आपला वाटा आधी घेतात, त्यामुळे विहिरीच्या वाट्याला निम्म्याहूनही पुष्कळ कमी येते.

आता मोसंबीचा विचार करू, कारण या जिल्ह्यातील पाण्याचे भांडण बहुधा मोसंबीच्या बागेपाशी येऊन थांबते. सहा बाय सहा मीटर अंतराने हेक्टरी २७७ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला भर उन्हाळ्यात ठिबकने रोज शंभर लिटर पाणी, हा हिशेब कमीच धरलेला आहे. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत एका हेक्टराला ३३ लाख लिटर पाणी लागते. म्हणजे पाच हेक्टर शिवारात वर्षभर मुरलेले पाणी एक हेक्टर बाग चार महिन्यांत पिते. बागवानाचे पाच हेक्टर आहेत काय? नसतील, तर उरलेले पाणी शेजाऱ्यांच्या रानाखालून येते. २०१२-१३ मध्ये जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर बागा वाळल्या. कित्येकांनी टँकर विकत घेऊन झाडे जगविण्याची धडपड केली. पंधरा वर्षे पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेली झाडे डोळ्यांदेखत जळत असता त्या शेतकऱ्याने बोअर खोल नेले, तर त्याला केवळ लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. पण त्याच वेळी गावची पाणीपुरवठ्याची विहीरही कोरडी पडत होती, हेही विसरता येत नाही.

शेततळ्याचा वाद याच जातीचा आहे. कडवंची गावी १९९६ पासून मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने पाणलोटाचे काम केले. समतल चर, बांधबंदिस्ती, नालाबांध ही कामे आधी झाली, शेततळी व द्राक्षबागा त्यांच्यामागून आल्या. २०१२ च्या अवर्षणात या गावच्या बागा टिकल्या, म्हणून ते महाराष्ट्रभर गाजले. पुष्कळांनी तेथून तळे तेवढे उचलले आणि चर, बांध मागे ठेवले. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तळे वाहून जाणारे पाणी अडविण्यासाठी असावे, हा मूळ हेतू. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी प्लास्टिकचा कागद अंथरून ते हिवाळ्यात विहिरीच्या वा बोअरच्या पाण्याने भरले जाते. तीस बाय तीस मीटर तोंडाचे, तीन मीटर खोल व एकास एक उताराचे तळे सुमारे २२ लाख लिटरांचे होते. म्हणजे जवळजवळ साडेतीन हेक्टरांचे मुरलेले पाणी एका मालकाच्या कागदावर आले. शिवाय जानेवारी ते मे रोज सरासरी सात मिलिमीटर बाष्पीभवन व सातशे चौरस मीटर पृष्ठभाग धरला, तर सात लाख लिटरांहून अधिक, म्हणजे तिसरा हिस्सा हवेत जातो. जमिनीखाली सुरक्षित असलेले पाणी वर काढून वाळत घालण्याचाच हा प्रकार आहे. ओढ्याचे पाणी पावसाळ्यात घेऊन भरलेल्या तळ्याला हा दोष लागत नाही.

कायदा काय म्हणतो, हे कार्यकर्त्याने नीट सांगितले पाहिजे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यास मनाई केली. टंचाईच्या काळात एक किलोमीटरच्या आतील उपशावर निर्बंध घालण्याचा अधिकारही त्यात होता. पुढे महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ झाला व २०१४ साली अंमलात आला. त्यात शेती व उद्योगांसाठी साठ मीटरांहून, म्हणजे सुमारे दोनशे फुटांहून खोल विहिरींवर प्रतिबंध आहे.

या कायद्यावर दोन तक्रारी होतात. दोन्हींत तथ्य आहे. ज्यांनी आधी बोअर घेतले ते बागाईतदार झाले आणि मागून येणाऱ्या गरिबावर बंदी आली, ही पहिली. दुसरी म्हणजे खडक गावागणिक बदलतो, मोजपट्टी मात्र सर्वत्र साठ मीटरांचीच. यात तिसरी गोष्ट लोक बोलून दाखवीत नाहीत, ती अशी की बोअरचे यंत्र रात्री येते आणि सकाळी निघून जाते. अर्ज कोण करणार? ज्याच्याकडे उद्या बैल मागावयाचा, लेकीच्या लग्नाला ज्याला बोलवावयाचे, त्याच्याविरुद्ध सही कोण देईल? म्हणून केवळ तहसिलीच्या बळावर हा कायदा चालत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यावयाचे नाही व दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवावयाची, असे ग्रामसभेत ठरविले. तेथे मोजमाप आधी व बंधन नंतर आले, म्हणून ते टिकले.

ताळेबंद मांडणे अवघड नाही. समजा, गावाचे शिवार ८०० हेक्टर व वस्ती दोन हजार आहे. माणशी रोज ५५ लिटरप्रमाणे पिण्यास व घरगुती वापरास वर्षाला सुमारे चार कोटी लिटर लागतात. एक हजार मोठ्या जनावरांना रोज पन्नास लिटरप्रमाणे पावणेदोन कोटींहून थोडे अधिक. एकूण सहा कोटींच्या आत. चांगल्या वर्षी मुरणारे पाणी वरील हिशेबाने ५२ कोटी लिटर. म्हणजे माणसे व जनावरे मिळून नवव्या हिश्श्यापेक्षा अधिक पाणी मागत नाहीत. तरीही मे महिन्यात टँकर येतो, कारण तो नववा हिस्सा कोणी राखून ठेवीत नाही. हा एक आकडा फळ्यावर लिहिला की सभेतील बायका प्रथम बोलू लागतात. हंडा त्यांच्याच डोक्यावर असतो.

ऑक्टोबरमध्ये पाऊस संपताच गावातील आठ-दहा विहिरींची पाण्याची पातळी दोरी व वजन लावून मोजावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची निरीक्षण विहीर जवळ असल्यास तिच्या नोंदीशी ताडून पाहावी. पातळी खाली असेल त्या वर्षी आंबिया बहार न धरता झाडे केवळ जगवावीत, आळ्यात पाचटाचे आच्छादन करावे व पानांवर आठ टक्के केओलिनची फवारणी करावी. कोरडवाहूत बदनापूरच्या संशोधन केंद्राची बी.डी.एन. ७११ ही लवकर येणारी तूर घेतल्यास हलक्या व मध्यम जमिनीत पाऊस लवकर उघडला तरी पीक हाती लागते. अर्थात ती पुढच्या पेरणीची गोष्ट झाली. पाणीपुरवठ्याच्या विहिरीभोवती पाचशे मीटरांचे वर्तुळ गावनकाशावर काढून त्यातील प्रत्येक विहीर, बोअर व तळे यांची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. ज्यांची नावे त्यात येतील त्यांना सभेपूर्वी घरी जाऊन भेटावे. चारचौघांत नाव वाचले गेले की माणूस हट्टाला पेटतो, मग त्याचा पंप फेब्रुवारीत बंद होत नाही.