शॉवरमधले मेण

तुम्ही शॉवरखाली उभे आहात आणि घरात कोणीतरी थंड पाण्याचा नळ सोडला. शॉवरकडे येणारे थंड पाणी एकदम कमी झाले, तर अंगावर कढत पाणी येईल! ६० अंश सेल्सिअसचे पाणी सुमारे ५ सेकंदांत कातडी खोलवर भाजू शकते. हे टाळण्यासाठी काही ठिकाणी शॉवरला तपमान-नियंत्रक झडप बसवतात.

या झडपेत धातूची एक लहानशी डबी असते आणि डबीत मेण. गरम व थंड पाण्याचे मिश्रण डबीभोवतून वाहते. मिश्रण जास्त तापले की मेण प्रसरण पावते व दट्ट्याला ढकलते. त्यामुळे गरम पाण्याची वाट अरुंद होते आणि थंड पाण्याची रुंद. मिश्रण निवले की मेण आकुंचन पावते व स्प्रिंग दट्ट्याला मागे सारते.

दट्ट्याची ही हालचाल अगदी थोडी असते. म्हणूनच क्षारांचा पातळ थरही तिला अडवू शकतो. दुष्फेन पाणी तापले की त्यातील कॅल्शियम बायकार्बोनेटपासून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. पाणी तापवण्याच्या भांड्यात दिसणारा पांढरा थर तो हाच.

मग निगा कशी राखावी? महिन्यातून एकदा झडपेची मूठ थंडाकडून गरमाकडे अशी पूर्ण चार-पाच वेळा फिरवावी. वर्षातून एकदा माहीतगार माणसाकडून, दोन्ही पाणी बंद करून, आतील जाळी व दट्ट्या काढवून व्हिनेगरने स्वच्छ करावेत. बुडबुडे येतील, ते कार्बन डायऑक्साइडचे. पात्याने खरवडू नये, चरे पडतात. रबरी कड्यांना तेल लावू नये. काही प्रकारचे रबर तेलाने फुगते.

आता परीक्षा. मूठ ३८ अंशांवर ठेवून बादलीत पाणी घ्या व प्रयोगशाळेतील तपमापकाने मोजा. तापाचा तपमापक वापरू नका. मग मोठ्या माणसांच्या देखत, हात दूर ठेवून, थंड पाणी बंद करा. काही सेकंदांत शॉवर थांबला पाहिजे. फार तर बारीक धार राहील. गरम पाणी वाहतच राहिले, तर दुरुस्ती होईपर्यंत तो शॉवर वापरू नये.

अडकलेली झडप रोजच्या आंघोळीत ओळखू येत नाही. तिचा दोष नेमका संकटाच्या क्षणी उघडा पडतो. म्हणून तो क्षण आपणच, कोणी शॉवरखाली नसताना, मुद्दाम आणून पाहायचा.