हार्ट फेल : बिल कशाने वाढते?

‘हार्ट फेल’ म्हणजे हृदय बंद पडणे, असा अनेकांचा समज असतो. तो बरोबर नाही. या आजारात रक्त पुढे ढकलण्याची हृदयाची ताकद कमी पडते व फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठते. हा त्रास एकाएकी वाढला की रोग्याला धाप लागते, आडवे झोपवत नाही. अशा वेळी त्याला तातडीने दाखल करावे लागते.

मग खर्च कशाचा? शरीरातले जादा पाणी लघवीवाटे काढणारे फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन हे यातील मुख्य औषध. ते स्वस्त आहे. बिल वाढते ते अतिदक्षता विभागातील दिवसांमुळे. खाट, प्राणवायू, श्वासाचे यंत्र, रक्ततपासण्या, इको यांचा आकडा दिवसागणिक चढतो. शिवाय धडगाव-अक्कलकुव्याहून नंदुरबार, तेथून धुळे किंवा सुरत अशी धावपळ झाली तर गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी वेगळीच. उशीर जितका जास्त, तितके दिवस जास्त. म्हणून धाप वाढताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. मात्र ते योजनेतील रुग्णालयांतच मिळते. राज्याबाहेरच्या प्रत्येक रुग्णालयात ही योजना चालतेच असे नाही. सुरतेला नेण्यापूर्वी चौकशी करावी. दाखल होतानाच आरोग्यमित्राला भेटावे. रेशनकार्ड, आधारकार्ड व जुने कागद एका पिशवीत तयार ठेवावेत.

घरी आल्यावर निष्काळजीपणा झाला, तर पुन्हा दाखल व्हावे लागते आणि तोच खर्च पुन्हा बसतो. तो टाळण्यासाठी :

१) रोज सकाळी लघवीनंतर वजन करून लिहून ठेवावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

२) लोणचे, पापड, फरसाण बंद करावे. जेवताना वरून मीठ घेऊ नये.

३) बरे वाटले म्हणून गोळ्या सोडू नयेत. महाग वाटल्यास डॉक्टरांना विचारून जेनेरिक घ्याव्यात.

४) अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यांनी शरीरात पाणी साठते.

वजनाचा साधा काटा घरात असावा. अतिदक्षता विभागातील एका दिवसापुढे त्याची किंमत काहीच नाही.