पार्ष्णिकंडरा : बल आणि विच्छेद

सुश्रुतांनी शारीरस्थानात सोळा कंडरा वर्णिल्या आहेत. टाचेची कंडरा कबड्डीपटूच्या उडीत स्प्रिंगप्रमाणे ऊर्जा साठवून परत देते. व्यायामाने मांसपेशी काही आठवड्यांत बळावते. कंडरेस महिने लागतात, म्हणूनच घाईने वाढविलेला सराव तिला बाधतो. टाचेच्या वर २ ते ६ सें.मी. भागात रक्तपुरवठा अल्प; विच्छेद बहुधा तेथेच होतो. 'मागून कोणी लाथ मारली' असे रुग्ण सांगतो. अशा वेळी मर्दन मुळीच करू नये. रुग्णास पालथे निजवून पोटरी दाबावी. पाऊल न हलल्यास त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. रुग्ण चालतो, एवढ्यावर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते. औषधविक्रेत्या बंधूंनीही ध्यानी घ्यावे : सिप्रोफ्लॉक्सासिन वर्गातील प्रतिजैविकांनी हा धोका वाढतो, सोबत स्टिरॉइड असल्यास अधिकच.